एक ट्रक घेऊन धंदा सुरू करायचाय, अनुभव जवळजवळ नाही : हिशेब तपासून द्या

गोदामवाला

नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, धागा पहिलाच.

बारा वर्षं एका कारखान्याच्या गोदामात काढली. माल मोजायचा, गाडी फलाटाला लावून घ्यायची, चलन फाडायचं, सील मारायचं, हेच काम. ट्रक रोज पाहिले, पण बाहेरून. स्टिअरिंगवर कधी बसलो नाही, ड्रायव्हर कधी पगारावर ठेवला नाही. थोडी शिल्लक आहे, कर्ज मिळेल असं दिसतंय आणि एका गाडीनं सुरुवात करायचं खूळ डोक्यात बसलंय. वापरलेली, तीन एक्सलची, उघड्या हौद्याची गाडी बघतोय.

कागदावरचा हिशेब असा. महिन्याला २५ दिवस गाडी चालेल, दिवसाला ४०० किलोमीटर, म्हणजे महिन्याचे १०,०००. डिझेल लिटरला ४ किलोमीटर, म्हणजे २,५०० लिटर. दर जागोजागी वेगळे असतात म्हणून पैशात न सांगता मापात सांगतो. महिन्याचं भाडं १०० धरलं तर डिझेल ४०, ड्रायव्हर १०, टोल ८, टायर-दुरुस्ती ७, विमा-कर ३, हप्ता १८. उरतात १४.

शंभरात चौदा वाईट नाहीत असं मला वाटतं. बायकोला वाटत नाही. म्हणून इथे टाकलं. चुका काढा, वाईट वाटून घेणार नाही.

मुक्तछंद

वाचतोय. माझ्याही डोक्यात हेच आहे.

उडी_मार

हिशेब करत बसाल तर कधीच सुरू होणार नाही. अमेरिकेतल्या माल्कम मॅक्लीननं १९३४ साली एका जुन्या ट्रकवर सुरुवात केली. पुढे जगातली सगळी कंटेनर वाहतूक त्याच्या डोक्यातून निघाली. त्याला कुठे अनुभव होता?

हिशेबनीस

मी दुसऱ्यांच्या गाड्यांचे हिशेब लिहिते, स्वतःची एकही नाही. (तोच शहाणपणा म्हणा.)

गोदामवाला, तुमच्या बेरजेत चूक नाही. चूक पहिल्याच आकड्यात आहे. ४०० किलोमीटर रोज, पंचवीस दिवस, आणि तेही सगळे भरलेले? भरलेल्या ट्रकचा दिवसभराचा सरासरी वेग ४५ पडला तरी नशीब. म्हणजे ४०० किलोमीटरला जवळजवळ नऊ तास नुसतं स्टिअरिंग. युरोपात कायद्यानं दिवसाची सर्वसाधारण मर्यादाच नऊ तासांची आहे आणि साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावं लागतं. यात गाडी भरायचा, खाली करायचा, काट्यावर वजन करायचा वेळ आलाच नाही. तुम्ही गृहीत धरलेला ड्रायव्हर दिवसाला नऊ तास चालवतो आणि माल हवेतून हौद्यात पडतो.

आता तुमचीच मापं घेऊन दुसरा कागद मांडते. महिना ७,५०० किलोमीटर धरा. त्यातला पाचवा हिस्सा, १,५०० किलोमीटर, गाडी खाली पळाली. हा पाचवा हिस्सा मी तुम्हाला घाबरवायला काढलेला नाही, युरोपातल्या एकूण ट्रक वाहतुकीतही साधारण तेवढेच किलोमीटर रिकामे जातात. भाडं मिळालं ६,००० किलोमीटरचं, म्हणजे ६०. डिझेल भरलेल्या गाडीला १,५०० लिटर, खाली गाडीला लिटरला ६ धरले तर २५०. एकूण १,७५० लिटर, तुमच्या मापात २८. टोल ६. टायर-दुरुस्ती ५. ड्रायव्हर १०, विमा-कर ३, हप्ता १८, हे तिघे गाडी किती पळाली ते विचारत नाहीत.

एकूण ७०. मिळकत ६०.

तुमचा पगार यात नाही. गाडी जुनी होऊन तिची किंमत उतरते, तेही नाही.

गोदामवाला

ताई, हे तीनदा वाचलं. उणे दहा. माझ्या कागदावर अधिक चौदा होते.

एक विचारतो, परतीचं भाडं मिळालं तर?

हिशेबनीस

मिळालं तर बरंच, पण तेही मांडून बघा. परतीच्या त्या १,५०० किलोमीटरला निम्म्या दरानं माल मिळाला असं धरू, निम्म्यानंच मिळतो बहुधा, कारण समोरच्याला माहीत असतं की गाडी तशीही घरी चालली आहे. साडेसात आले. भरलेल्या गाडीला १२५ लिटर डिझेल जास्त गेलं, म्हणजे २. निव्वळ साडेपाच. तरी उणे साडेचार.

याची दुसरी बाजू बघा. ड्रायव्हर, विमा, हप्ता मिळून ३१. महिन्याचे दिवस ३०. तुमची गाडी नुसती उभी राहिली तरी दिवसाला एक खाते. परतीच्या भाड्यासाठी दोन दिवस थांबलात तर दोन तिथेच गेले, आणि त्या दोन दिवसांत पुढची भरलेली फेरी झाली असती ती गेली ते वेगळंच. 'रिटर्न मिळेपर्यंत थांब' म्हणणारा मालक आणि 'खालीच ये' म्हणणारा मालक, दोघांनी हा एकाचा आकडा पाठ करायला हवा. तो कळला की कुठे थांबायचं नि कुठे नाही ते फोनवर दोन मिनिटांत ठरतं.

तीन_एक्सल

मॅक्लीनबद्दल. १९३४ चा ट्रक खरा, पण २६ एप्रिल १९५६ ला त्याचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ पेट्या (म्हणजे कंटेनर) घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, तोपर्यंत बावीस वर्षं गेली होती आणि त्याची ट्रक कंपनी चांगली मोठी झाली होती. मधली बावीस वर्षं कोणी सांगत नाही.

१९३७ साली कापसाच्या गाठी घेऊन बंदरावर दिवसभर ताटकळला आणि तिथेच पेटीची कल्पना सुचली, असं तो म्हातारपणी सांगायचा. अभ्यासक त्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पण ट्रकवाले ठेवतात, कारण ताटकळणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

उडी_मार

बरं बाबा, मॅक्लीन मागे घेतो.

वंगण

पोरांनो, कागद झाला, आता लोखंडाचं बोलू. एकोणतीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली आहेत.

वापरलेली गाडी बघायला जाशील तेव्हा मालकाला सांग, मी येईपर्यंत स्टार्ट करू नको. गेल्या गेल्या बोनेटच्या आत हात लाव. कोमट लागलं तर त्यानं तुझ्याआधी गाडी गरम करून ठेवली आहे, आणि का ठेवली ते त्यालाच विचार. थंड इंजिन पहिल्या फटक्याला कसं उचलतं ते ऐकायचं. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघ. थोडी वाफ चालते. भकाभका धूर मारत असेल तर इंजिनाच्या आतल्या रिंगा-लायनर संपलेत, इंजिन उघडायचा खर्च किमतीतून वजा कर किंवा घरी जा.

मग खाली वाक. चेसिसवर नवा काळा रंग दिसला की नखानं खरवड. जुन्या गाडीच्या चेसिसला रंग देऊन सजवायला कोणाला हौस नसते, खाली वेल्डिंग लपलेलं असतं. नंतर स्प्रिंगचे पाटे मोज, दोन्ही बाजूंचे. कंपनीनं दिलेत त्यापेक्षा एखादा जादा चढवलेला असेल तर त्या गाडीनं आयुष्यभर जादा माल ओढलाय. क्राऊन, हाऊसिंग (हे मागच्या एक्सलचे भाग), ब्रेक, सगळ्यांनी तो ओढलाय. टायर नवे टाकून देतील, पाटा काढून ठेवायचं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

हवेची टाकी पूर्ण भरू दे, इंजिन बंद कर, ब्रेक दाबून धर आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघ. काटा डोळ्यांदेखत उतरला तर कुठेतरी गळतंय.

शेवटी वजनकाटा करून घे, रिकाम्या गाडीचा. कागदावरचं रिकामं वजन आणि काट्यावरचं यात बराच फरक निघाला तर हौद्याला लोखंड चढवलंय. जितकं गाडीचं जास्त, तितका कायदेशीर माल कमी.

मुक्तछंद

काका, जादा माल सगळेच भरतात म्हणतात. न भरता परवडतं का?

वंगण

सगळे भरतात आणि सगळेच म्हणतात परवडत नाही. काय ते समजून घे.

तीन_एक्सल

अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यावर रात्रंदिवस ट्रक पळवले होते. त्यातून निघालेला ठोकताळा असा की एक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घातानं रस्त्याचं नुकसान वाढतं. वीस टक्के जादा वजन म्हणजे नुकसान दुप्पट. हे रस्त्याचं झालं. तुमच्या टायरला आणि बेअरिंगला हा घात शिकवावा लागत नाही. आणि अपघातात गाडी पासिंगपेक्षा, म्हणजे कागदावरच्या मंजूर वजनापेक्षा, जास्त भरलेली निघाली तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

पोचपावती

विम्यावरून आठवलं. गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. धंद्यात नवखा असताना मला दोन्ही एकच वाटायचे. आतल्या मालाची जबाबदारी वाहतूकदारावर कुठपर्यंत येते ते करारात आणि त्या-त्या ठिकाणच्या कायद्यात असतं, आणि त्यासाठी विमा वेगळा काढावा लागतो. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीचा १९५६ चा सीएमआर करार ज्यांना लागू आहे तिथे किलोमागे ८.३३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन) ही मर्यादा आहे. बाकी ठिकाणी करारात काही लिहिलंच नसेल तर पूर्ण किंमत तुमच्या गळ्यात यायची भीती असते.

माझीच गोष्ट. तिसरी-चौथी फेरी असेल. पोत्यांचा माल, रात्रीचं लोडिंग, ड्रायव्हर दमलेला. कारकुनानं कागद पुढे केला, यानं सही केली. पोचल्यावर मोजली तर बारा पोती कमी. कागदावर आमची सही, 'माल मोजून मिळाला'. बारा पोत्यांची किंमत भाड्यातून कापली आणि हातात आलं ते डिझेललाही पुरलं नाही. पोती चोरीला गेली की भरलीच नव्हती, ते मला आजही माहीत नाही. तेव्हापासून नियम केला. ड्रायव्हरनं स्वतः मोजलं नसेल तर सहीखाली लिहायचं, 'मोजणी पाहिलेली नाही, सील क्रमांक अमुक'. एवढी एक ओळ. कारकून कुरकुर करतात, पण लिहू देतात.

दुसरं ताडपत्रीचं. नवी ताडपत्री महाग, म्हणून जुनी शिवून वापरतात. शिवलेली चालते, न दिसणारी भोकं चालत नाहीत. रिकाम्या हौद्यावर ताडपत्री ताणायची, फाळका (हौद्याचं मागचं दार) लावायचा आणि भर उन्हात आत बसून वर बघायचं. चांदण्या दिसतात. खरंच सुंदर दिसतं, पण एकेक चांदणी म्हणजे पावसात भिजलेलं एकेक पोतं. खडूनं खुणा करून ठिगळं लावून घ्यायची.

गोदामवाला

हे 'मोजणी पाहिलेली नाही' वाचून हसू आलं आणि थोडं ओशाळलोही. तो कागद पुढे करणारा कारकून म्हणजे मीच. बारा वर्षं. कोणी असं लिहायला लागला की मी चिडायचो.

निवांत

मग तुम्हाला एक उलटा प्रश्न. तुमच्या गोदामात गाडी गेटला लागल्यापासून माल भरून बाहेर पडेपर्यंत किती वेळ जायचा?

गोदामवाला

कधी दोन तास, कधी दिवसभर. कामगारांची पाळी बदलत असेल, कागद वर सहीला गेले असतील, फलाट मोकळा नसेल. आम्ही म्हणायचो 'थांबव बाहेर'. कधी मोजलं नाही.

निवांत

मोजायची गरज तुम्हाला नव्हती. मोजत होता बाहेरचा मालक.

माझं मत सरळ आहे : आत्ता गाडी घेऊ नका. हा धंदा गाडीचा वाटतो, असतो मात्र भाड्याचा आणि वेळेचा. तीन-चार महिने दुसऱ्याच्या गाड्या लावा. म्हणजे एखाद्याचा माल धरायचा, ओळखीच्या मालकाची गाडी लावायची, मधले दोन-चार टक्के राहिले तर राहिले. नाही राहिले तरी कोण पैसे वेळेवर देतो, कोणाच्या गेटवर गाडी अडकते, कुठल्या मार्गावर परतीचा माल आहे, हे सगळं हप्ता न भरता कळतं. गाडी काय, बाजारात कायम विकाऊ असते.

उडी_मार

म्हणजे दलाल व्हा म्हणता.

निवांत

हो. शिव्या खाव्या लागतील. पण फोन कसा करायचा ते येईल.

हिशेबनीस

निवांत यांच्याशी सहमत. आणि अजून कोणी पैशाच्या चक्राबद्दल बोललंच नाही, नवे मालक बहुतेक तिथेच झोपतात.

डिझेल आज रोख. टोल रोख. ड्रायव्हरचा भत्ता गाडी निघायच्या आधी. तुमचं बिल मात्र पोच (माल मिळाल्याची सही) परत आल्यावर लागतं, महिनाअखेर एकत्र होतं आणि करारात ६० दिवस लिहिलेले असतात. एक तारखेच्या फेरीचे पैसे हातात यायला धरून चाला नव्वद दिवस. महिन्याचा खर्च ७०, तर तीन महिन्यांचे २१० हाताशी हवेत, आणि तेवढ्यात एक पैसाही आत आलेला नसेल. गाडीच्या पहिल्या भरण्यात सगळी शिल्लक घातली की हे २१० येणार कुठून? मग व्याजानं, नाहीतर बिल कमी किमतीत विकून. नफ्यात असलेली गाडी मी याच कारणानं ओढून नेताना पाहिली आहे.

ब्रोकरचं भाडं कमी असतं, पण तो बराचसा ॲडव्हान्स देतो. थेट कंपनीचं भाडं जास्त, पण उशिरा. सुरुवातीला दोन्हींची मिसळ बरी. सगळी गाडी एकाच मोठ्या नावाला लावली की ते नाव ठरवेल तुम्ही कधी जेवायचं.

करारात दोन ओळी मागून घ्या. एक, अमुक तासांनंतर थांबण्याचे पैसे. दोन, डिझेलचा दर बदलला की भाडं बदलेल. दुसरीचं गणित सोपं आहे : डिझेल भाड्याच्या ४० टक्के असेल आणि दर १० टक्के वाढला तर भाडं ४ टक्क्यांनी वाढायला हवं. ही ओळ नाकारणारे भेटतील. पहिली ओळ नाकारणारे त्याहून जास्त भेटतील.

तीन_एक्सल

थांबण्याबद्दल अजून एक. थांबलेली गाडी चालू ठेवू नका. मोठं डिझेल इंजिन जागेवर चालू राहिलं तर तासाला दोन-तीन लिटर पितं. चार तास रांगेत इंजिन सुरू ठेवलं तर १२ लिटरपर्यंत जातं, म्हणजे तुमच्याच हिशेबानं ४८ किलोमीटरचं डिझेल गेटवर जळलं.

वंगण

त्यात ड्रायव्हरचा दोष नसतो रे नेहमी. उन्हात केबिन तापते, तो एसी लावणार. थांबायला सावली नाही, बसायला जागा नाही. आधी ते बघ आणि मग लिटर मोज.

ड्रायव्हरबद्दल एवढंच सांगतो की पैसे नुसत्या किलोमीटरवर देऊ नको. किलोमीटरवर दिलेस तर तो पळवतो, झोप टाळतो. ठरलेला पगार दे आणि वर थोडं टायर-डिझेल नीट ठेवल्याचं दे. उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवतो म्हणाला तर प्रेमानं समजाव. आताची इंजिनं गिअरमध्ये उतरताना डिझेल तोडतात, न्यूट्रलमध्ये उलट पीत राहतात, आणि इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच. मग सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. तापून वास सुटला की उशीर झालेला असतो.

चांगला ड्रायव्हर ओळखायचाय? गाडी थांबली की तो आधी काय करतो बघ. खाली उतरून चाकाभोवती फिरला, टामीनं (लोखंडी दांड्यानं) टायर ठोकला, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) उलटा हात लावला, तर त्याला सोडू नकोस. भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, हवा कमी असेल तर बद्द. जोडचाकात आतला बसला की बाहेरचा एकटा वजन घेतो आणि तुला बाहेरून दोन्ही ठीक दिसतात. एकच हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर ब्रेक धरतोय नाहीतर बेअरिंग चाललंय. हे सगळं दोन मिनिटांचं. मोबाइल काढून बसणारेही असतात.

मुक्तछंद

काका, वेगळा धागा काढा तुम्ही. सिरियसली.

वंगण

टायपायला नातू लागतो.

गोदामवाला

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, गायब नव्हतो. सुट्टी टाकून एका ओळखीच्या मालकाच्या गाडीत बसून जाऊन आलो. जाताना पत्रे, येताना अर्धी गाडी खोकी. जायला दोन दिवस, यायला तीन.

लिहिण्यासारखं खूप आहे, एकच सांगतो. पोचलो तिथे गेटवर सकाळी सात वाजता लागलो. आमच्या आधी नऊ गाड्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, कागद घेऊन खिडकीशी गेला. आतल्या माणसानं वर न बघता सांगितलं, 'थांबव बाहेर.'

तोच सूर. अगदी माझाच. मी केबिनमध्ये बसून ऐकला.

दहा वाजता विचारलं, 'जेवणानंतर बघू.' दोनला विचारलं, फलाट मोकळा नव्हता. गाडी खाली झाली रात्री साडेआठला. साडेतेरा तास, त्यातलं प्रत्यक्ष काम पन्नास मिनिटांचं. ड्रायव्हर चिडला नाही, त्याचं मला जास्त वाटलं. तो चाकाच्या सावलीत पोतं अंथरून झोपला आणि सावली सरकली तसा उठून सरकत राहिला. काका म्हणाले तसे मी हब बघून आलो, सगळे थंड. ते थंडच असणार, गाडी हललीच नव्हती.

परत आल्यावर कामावर माझ्याच हातचं आवक-जावक रजिस्टर उघडलं. प्रत्येक गाडीची आत यायची आणि बाहेर पडायची वेळ त्यात आहे, बारा वर्षं मीच लिहितोय, बेरीज कधी केली नव्हती. गेल्या तीन महिन्यांची केली. सरासरी सव्वापाच तास. त्यातले भरायचे दीडच्या आत.

ताई, तुमच्या मापात एका दिवसाला एक, म्हणजे आमच्या गेटवर प्रत्येक गाडीचा त्या एकाचा साधारण पाचवा हिस्सा जात होता. आम्हाला फुकट.

हिशेबनीस

हे रजिस्टर म्हणजे तुमचं भांडवल आहे. गाडीपेक्षा मोठं. (कंपनीचे आकडे बाहेर नेऊ नका, पद्धत मात्र न्या.)

निवांत

आता कुठे विचारायचं ते कळलं ना? पुढे कुठल्याही गिऱ्हाइकाकडे गेलात तर भाडं विचारायच्या आधी विचारा, गेटवर किती वेळ लागतो. उत्तर चटकन आलं नाही तर समजा मोजलेलं नाही.

उडी_मार

माझ्यासारख्याला पटतंय म्हणजे बघा. पण शेवटी गाडी घेणार की नाही?

गोदामवाला

आत्ता नाही. नोकरी सोडलेली नाही. शिल्लक आहे तिथेच आहे, तिला आता मी २१० म्हणतो. आमच्या मालाशी संबंध नसलेला एक छोटा कारखानदार भेटलाय, आठवड्याला दोन गाड्या माल. पहिल्याच भेटीत विचारलं, तुमच्याकडे गाडी भरायला किती वेळ? म्हणाला, 'मागचा पोऱ्या आला तर तास, नाहीतर बघू.' तर आता त्या पोऱ्याची वेळ पक्की करून देतो, भाडं त्यानंतर बोलू, असं ठरलंय. त्याच्यासाठी ज्यांच्या केबिनमधून गेलो त्यांचीच गाडी लावतोय. थांबण्याच्या पैशांची ओळ टाकली तेव्हा कारखानदार हसला, पण चार तासांनंतरची मान्य केली. डिझेलच्या ओळीवर अजून बोलणी चालू आहेत.

आमच्या गेटवर साहेबांना ती सरासरी दाखवली. ते म्हणाले, 'मग काय करायचं?' सकाळच्या गाड्यांना वेळ वाटून द्यायची म्हणतोय, बघू. निदान मी तरी 'थांबव बाहेर' म्हणायचं सोडलंय, किती वाजता नंबर लागेल ते सांगतो. चुकतं अर्ध्या वेळा.

बायकोनं दुसरा कागद बघितला. म्हणाली, यात तुझा पगार कुठे आहे? ताई, तिला तुमचं उत्तर दाखवलेलं नाही, तिनं स्वतः शोधलं.

पोचपावती, एक विचारायचं राहिलं. ती ताडपत्री भर दुपारीच बघायची का? या मालकाची ताडपत्री मला जरा शंकेची वाटते आणि पहिला माल कागदाचा आहे.

पोचपावती

दुपारी बारा ते दोन. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं काही करू नका, नाहीतर बारीक भोकं सुटतात. आणि आत जाताना ड्रायव्हरला सांगून जा. मी एकदा न सांगता बसलो होतो, गाडी निघाली.